उपग्रहाची नजर आणि लाव्हाचे अंतरंग : दख्खनच्या संदर्भात दूरसंवेदन पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या साधनसंपत्तीचे निरीक्षण करणारा पहिला उपग्रह अवकाशात सोडला. पुढे तो लँडसॅट-१ या नावाने ओळखला गेला. महाराष्ट्र त्याच वर्षी भीषण दुष्काळाला सामोरा जात होता आणि सोलापूर जिल्ह्यातील विहिरींनी तळ गाठला होता. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तथापि पुढील काळात तो जोडला गेला. ज्या बेसाल्ट खडकात सोलापूरचे भूजल साठते तो खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा होय, आणि त्या लाव्हाचे वाचन आता प्रामुख्याने उपग्रह प्रतिमांच्या आधारे केले जाते.

ज्वालामुखीच्या अभ्यासात उपग्रहांनी घडवून आणलेले परिवर्तन नाकारण्याचे कारण नाही. ज्या पर्वतांवर मनुष्य पोहोचू शकत नाही तेथील उद्रेकाची नोंद आज काही तासांत होते. परंतु पद्धत यशस्वी ठरली की तिच्यामागील गृहीतके हळूहळू दृष्टिआड होतात. जे मोजले गेले आणि जे मोजमापावरून अनुमानिले गेले, यांतील सीमारेषा पुसट होते. प्रस्तुत लेखात ही सीमारेषा तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रथम जिवंत ज्वालामुखीच्या उपग्रहीय निरीक्षणाचा व नंतर दख्खनच्या थंड झालेल्या लाव्हाच्या उपग्रहवाचनाचा विचार केला आहे. दोन्ही ठिकाणी एकच मर्यादा निराळ्या रूपात आढळते, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

उष्णतेची नोंद आणि तिच्यामागील गृहीतक :

उपग्रह लाव्हाचे तापमान थेट मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारे प्रारण तो निरनिराळ्या तरंगलांबींवर नोंदवितो. कोणताही पदार्थ जितका तप्त, तितक्या लहान तरंगलांबीवर त्याचे प्रारण शिखर गाठते. सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाच्या ताज्या लाव्हाचे शिखर २.१ मायक्रोमीटरच्या आसपास येते, तर सामान्य जमिनीचे १० मायक्रोमीटरच्या आसपास. या फरकामुळेच उद्रेक ओळखणे शक्य होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १००० अंश तापमानाचा पृष्ठभाग सामान्य जमिनीच्या तुलनेत ४ मायक्रोमीटर तरंगलांबीवर सुमारे दहा हजार पट प्रारण देतो. ११ मायक्रोमीटरवर मात्र हे प्रमाण केवळ ४० पटींच्या घरात राहते. म्हणून एक चौरस किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये एक हजारांश भाग, म्हणजे अवघे हजार चौरस मीटर क्षेत्र, तप्त असले तरी ४ मायक्रोमीटरची नोंद जवळपास दहा पटींनी वाढते, आणि ११ मायक्रोमीटरची नोंद चार-पाच टक्क्यांनीच बदलते. दोन तरंगलांबींच्या अशा तुलनेतून पिक्सेलच्या आतील तप्त भागाचा अंदाज घेण्याची रीत डोझिअर यांनी १९८१ मध्ये मांडली. १९८७-८८ मध्ये फ्रान्सिस, रॉदरी व वुड यांनी लँडसॅटच्या लघुतरंग अवरक्त नोंदी ज्वालामुखींच्या अभ्यासासाठी उपयोगात आणल्या. टेरा (१९९९) व अॅक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाच्या नोंदींवरून जगभरातील उष्ण स्थाने आपोआप शोधणारी मॉडव्होल्क ही प्रणाली हवाई विद्यापीठात विकसित झाली.

या प्रगतीचे मूल्य मोठे आहे. परंतु येथपर्यंत जे हाती येते ते पृष्ठभागावरील उष्णतेचे प्रमाण होय. त्यावरून दर सेकंदाला किती घनमीटर लाव्हा बाहेर पडत आहे हे सांगावयाचे झाल्यास उष्णता व लाव्हा यांच्यातील गुणोत्तर गृहीत धरावे लागते. हे गुणोत्तर लाव्हाच्या प्रवाहीपणानुसार, उतारानुसार आणि मुख्यतः त्यावर जमणाऱ्या थंड कवचानुसार बदलते. उघड्या वाहत्या पाटातील लाव्हा प्रखर दिसतो. तितकाच लाव्हा कवचाखालून नळीसारख्या मार्गाने वाहत असेल तर तो मंद दिसतो. म्हणजे नोंद कमी असणे आणि लाव्हा कमी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संशोधन-निबंधांच्या निष्कर्षभागात ही भिन्नता बहुधा एखाद्या वाक्यापुरती उरते, आणि त्यावर आधारलेल्या पाठ्यलेखनात ती पूर्णतः नाहीशी होते.

बॅरन बेट : भारतातील जिवंत उदाहरण :

पोर्ट ब्लेअरच्या (सध्याचे श्री विजयपुरम) ईशान्येस सुमारे १३५ ते १४० किलोमीटर अंतरावर अंदमान समुद्रात असलेले बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर दीर्घकाळ शांत राहिलेल्या या ज्वालामुखीचा १९९१ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. त्यानंतर १९९४-९५ मध्ये व २००५ पासून अधूनमधून उद्रेक होत राहिले. १९९१ च्या उद्रेकाचा लँडसॅटच्या रात्रीच्या अवरक्त नोंदींवरून भट्टाचार्य, रेड्डी व श्रीवास्तव या भारतीय संशोधकांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय दूरसंवेदनाच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. निर्जन बेटावरील घटना इतक्या नेमकेपणाने अन्य मार्गाने नोंदविणे त्या काळी दुष्करच होते.

तथापि मर्यादाही येथेच स्पष्ट होते. बेटाचा व्यास सुमारे तीन किलोमीटर आहे. मोडिसच्या एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये हे संपूर्ण बेट बसविले तर जेमतेम आठ-दहा पिक्सेल भरतात. विवर, शंकू, लाव्हाचा प्रवाह आणि किनाऱ्यावरील तप्त जल यांची सरमिसळ दोन-चार आकड्यांत होते. त्यातच मोसमी ढगांचे आवरण असल्यास कित्येक दिवस नोंदच मिळत नाही. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधु संकल्प’ या जहाजावरून बेटानजीक समुद्रतळाचे नमुने गोळा करीत असताना त्यांना उद्रेक प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. दिवसा राखेचे ढग आणि सूर्यास्तानंतर विवरातून उसळणारे लाल लाव्हाचे कारंजे असे ते दृश्य होते. जहाजाने पाहिलेले आणि उपग्रहाने नोंदविलेले ही परस्परांना पूरक साधने आहेत. उपग्रहाकडून सातत्य मिळते, जहाजाकडून तपशील व नमुना मिळतो. नमुन्यावाचून लाव्हाचे रासायनिक स्वरूप कळत नाही, आणि ते कळल्यावाचून उष्णतेवरून केलेले गणित विश्वासार्ह ठरत नाही.

कवचाखालील लाव्हा :

दख्खनच्या उद्रेकाविषयी मराठी पाठ्यपुस्तकी लेखनात एक ठरावीक चित्र आढळते. भूकवचाला प्रचंड भेगा पडल्या, लाव्हा उसळून बाहेर आला आणि पाहता पाहता सारा प्रदेश अग्निसागराने व्यापला, असे ते चित्र होय. उद्रेकांच्या उपग्रह प्रतिमा वर्गात दाखविताना हेच चित्र अधिक दृढ होते, कारण अशा प्रतिमांत जे सर्वाधिक तेजस्वी असते तेच लक्ष वेधून घेते.

हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या अभ्यासातून मात्र निराळेच चित्र पुढे आले. हॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, पाहोइहोइ प्रकारचा लाव्हा प्रथम वीत-दोन वीत जाडीच्या पातळ थराच्या रूपाने पसरतो. त्यावर कवच जमते, कवचाखालून नवा लाव्हा शिरत राहतो आणि सारा थर आतून फुगत जातो. बाहेरून पाहता जवळजवळ स्थिर व थंड भासणाऱ्या प्रवाहाच्या पोटात लाव्हाचे वहन चालूच असते. पश्चिम दख्खनमधील लाव्हाप्रवाहांवर अशा फुगवणीच्या खुणा दुराईस्वामी, बोंद्रे, डोळे आदी पुण्यातील संशोधकांनी २००१ नंतरच्या निबंधांतून नोंदविल्या. या कार्यामुळे दख्खनच्या निदान काही भागाचे स्वरूप भडकलेल्या अग्निसागरापेक्षा दीर्घकाळ, संथपणे, कवचाखाली वाढत गेलेल्या प्रवाहांचे होते, असे मानण्यास आधार मिळाला.

यातून निघणारा निष्कर्ष दूरसंवेदनाच्या दृष्टीने विचार करावयास लावणारा आहे. त्या काळी आकाशात मोडिससारखे उपकरण असते, तर फुगत जाणाऱ्या अशा प्रवाहाच्या बहुतांश पृष्ठभागावर त्याला मर्यादित उष्णताच आढळली असती. पृथ्वीच्या इतिहासातील एका महाप्रचंड लाव्हा-उत्सर्जनाचा फार मोठा भाग कवचाआड राहिला असता.

दख्खनच्या प्रवाहांचे उपग्रहवाचन :

थंड झालेल्या लाव्हाच्या बाबतीत उष्णतेची नोंद उपयोगाची नसते. तेथे रंगछटा, पोत आणि भूरूप यांवर विसंबावे लागते. सह्याद्रीत हे वाचन सुकर आहे. एकावर एक रचलेल्या प्रवाहांमुळे कड्यांना पायऱ्यांचे रूप आले आहे. ‘ट्रॅप’ हे नावच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे. फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार मोहिमेने मिळविलेली उंचीची माहिती आणि मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या अडीच मीटर विभेदनाच्या त्रिमितीय प्रतिमा यांमुळे या पायऱ्यांचे मापन अधिक अचूक झाले.

सोलापूर परिसरात परिस्थिती भिन्न आहे. बार्शी तालुक्यातील बालाघाटाच्या रांगा वगळता भूमी बहुतांशी सपाट व मंद उताराची आहे. भीमा व सीना यांच्या खोऱ्यांत खडकावर काळ्या मातीचे आच्छादन आहे. त्यामुळे उपग्रहाला येथे दिसते ती प्रामुख्याने माती, पीक व ओलावा, लाव्हा नव्हे. शिवाय एका बेसाल्ट प्रवाहाचा वर्णपट दुसऱ्याच्या वर्णपटापेक्षा फारसा वेगळा नसतो. पश्चिम घाटातील प्रवाहांची पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर इत्यादी गटांत झालेली विभागणी ही सूक्ष्म मूलद्रव्ये व समस्थानिके यांच्या विश्लेषणावर आधारलेली आहे. हे भेद कोणत्याही प्रतिमेत दिसत नाहीत. ज्या नकाशांत केवळ प्रतिमेच्या आधारे प्रवाहांच्या सीमा शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत जोडलेल्या असतात, त्यांकडे या दृष्टीने सावधपणे पाहणे आवश्यक ठरते.

जाडीचा प्रश्न याहून कठीण आहे. २०१४-१५ मध्ये आइसलँडमधील होलुह्राउन येथे सहा महिने चाललेल्या उद्रेकात सुमारे ८४ चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले गेले आणि लाव्हाचे घनफळ सुमारे १.४ घन किलोमीटर होते, म्हणजे सरासरी जाडी १६-१७ मीटर भरते. हे गणित करता आले, कारण उद्रेकापूर्वीच्या भूपृष्ठाची माहिती उपलब्ध होती. दख्खनसाठी असे पूर्वीचे भूपृष्ठ उपलब्ध नाही. ते लाव्हाखाली गाडले गेले आहे. त्याचा शोध छिद्रानेच घ्यावा लागतो. कोयनेजवळ रासाटी येथील १५२२ मीटर खोल छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्टनंतर थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. सोलापूर या दोन ठिकाणांच्या दरम्यान आहे. या दोन आकड्यांनी दख्खनच्या अंतरंगाविषयी जे सांगितले, ते कोणत्याही प्रतिमेतून कळणे शक्य नव्हते.

कुर्डुवाडीची रेषा :

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने दूरसंवेदनाची सर्वांत महत्त्वाची कसोटी म्हणजे कुर्डुवाडी लिनिअमेंट होय. प्रतिमेत दिसणाऱ्या सरळ अथवा किंचित वक्र अशा नैसर्गिक रेषेला भूविज्ञानात लिनिअमेंट म्हणतात. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम् व नेगी यांनी गुरुत्वीय मापनांवरून दख्खनच्या लाव्हाखाली कोयना व कुर्डुवाडी या दोन खचदऱ्या असाव्यात असे मत मांडले. पुढे पेशवा, मुळे व काळे यांनी १९८७ मध्ये दूरसंवेदनाच्या साहाय्याने दख्खनमधील भंगपट्ट्यांचा अभ्यास केला आणि पेशवा व काळे यांनी १९९७ मध्ये कुर्डुवाडी लिनिअमेंटवर लक्ष केंद्रित करून दख्खनच्या नवभूहालचालींचा विचार मांडला.

या रेषेची दिशा स्थूलमानाने वायव्य-आग्नेय आहे. येथे प्रतिमा-वाचनातील एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. लँडसॅटसारखे उपग्रह सकाळच्या प्रहरी भारतावरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेस असतो. परिणामी ईशान्य-नैर्ऋत्य रेषांना छाया मिळून त्या उठून दिसतात आणि वायव्य-आग्नेय रेषा दबतात. म्हणजे प्रतिमेतील रेषांची संख्या मोजून दिशादर्शक आलेख काढला, तर त्यात भूगर्भाइतकाच सूर्याचाही वाटा असतो. लघुप्रबंधांतील असे अनेक आलेख या दोषातून मुक्त नसतात. कुर्डुवाडीची रेषा प्रतिकूल प्रकाशातही दिसते, ही गोष्ट तिच्या अस्तित्वाला पोषकच म्हणावी लागेल.

परंतु रेषा असणे आणि तिच्याखाली खचदरी असणे ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. पहिले प्रतिमेचे, दुसरे अंतरंगाचे. कोयनेच्या छिद्रात बेसाल्टखाली जाड गाळाचा खडक आढळला नाही. किल्लारीत तो केवळ आठ मीटर आढळला. एखाद-दुसऱ्या छिद्रावरून कुर्डुवाडीविषयी निवाडा देता येणार नाही. तथापि रेषेवरून थेट खचदरीकडे, आणि खचदरीवरून थेट भूकंपाच्या भाकिताकडे जाणारी विचारसरणी किती निसरडी आहे, हे यावरून स्पष्ट होते. किल्लारीच्या आपत्तीनंतर या परिसरातील जनमानस भूकंपाच्या भयाने ग्रासले होते. अशा प्रदेशात नकाशावरील एका रेषेचा अर्थ सांगताना अभ्यासकाची जबाबदारी केवळ शास्त्रीय उरत नाही.

रेषा, विंधन विहीर आणि पाणी :

लिनिअमेंटचा सर्वाधिक व्यावहारिक उपयोग भूजलशोधासाठी होतो. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून वाहते आणि भेगा रेषांच्या रूपाने प्रतिमेत दिसतात, हा त्यामागील तर्क आहे. पेयजल तंत्रज्ञान मिशनच्या काळात १:२,५०,००० आणि पुढे राजीव गांधी पेयजल मिशनमध्ये १:५०,००० प्रमाणावर उपग्रहाधारित नकाशे तयार झाले. संभाव्य क्षेत्र मर्यादित करून द्यावे आणि नेमकी जागा जमिनीवरील तपासणीने ठरवावी, हा या नकाशांचा हेतू होता. व्यवहारात दुसरी पायरी अनेकदा गाळली जाते.

प्रमाणाचा हिशेब केल्यास यातील धोका कळून येतो. १:५०,००० नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीने काढलेली रेषा जमिनीवर २५ मीटर रुंद होते. १:२,५०,००० वर ती १२५ मीटर होते. विंधन विहिरीचा व्यास मात्र सहा इंचांच्या आसपास असतो. शिवाय दख्खनमध्ये प्रत्येक प्रवाहाच्या भेगा खालच्या प्रवाहात उतरतातच असे नाही. दोन प्रवाहांमधील गेरूच्या थराशी त्या थांबू शकतात. प्रतिमेत दिसणाऱ्या कित्येक रेषा तर जुने पाट, रस्ते किंवा शेतांचे बांध असतात. सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असणाऱ्या जिल्ह्यात फसलेल्या प्रत्येक विंधन विहिरीची किंमत एखादे शेतकरी कुटुंब वा ग्रामपंचायत मोजत असते. पद्धतीच्या चिकित्सेला म्हणूनच येथे केवळ विद्वच्चर्चेचे स्वरूप राहत नाही.

विहिरीचा छेद : एक उपेक्षित साधन :

उपग्रहाला जे दिसत नाही ते सोलापूरच्या शेतातील जुन्या उघड्या विहिरीत दिसते. वरून खाली काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण आणि कोठे कोठे गेरू असा क्रम विहीर खोदणारे सांगतात. भूविज्ञानाच्या परिभाषेत हा लाव्हाप्रवाहाचा उभा छेद होय. मांजऱ्या म्हणजे वायूच्या पोकळ्यांनी भरलेला, तुलनेने मऊ भाग. काळा पाषाण म्हणजे प्रवाहाचा घट्ट गाभा. गेरू म्हणजे दोन प्रवाहांमधील अवधीची खूण.

या छेदातून कालमापनही शक्य आहे. हॉन व सहकाऱ्यांच्या निरीक्षणानुसार, वरच्या कवचाच्या मीटरमधील जाडीचा वर्ग करून त्यास १६४.८ ने गुणले असता ते कवच तयार होण्यास लागलेले तास मिळतात. कवच एक मीटर असेल तर सुमारे सात दिवस, पाच मीटर असेल तर सुमारे साडेपाच महिने आणि दहा मीटर असेल तर जवळजवळ दोन वर्षे. हे सूत्र हवाईच्या परिस्थितीत सिद्ध झालेले आहे. दख्खनमध्ये झीज होऊन कवच कमी झालेले असू शकते, म्हणून मिळणारे उत्तर अंदाजी समजावे. तरीही एखाद्या फुगलेल्या प्रवाहाने किती काळ लाव्हा सामावून घेतला हे मोजपट्टी घेऊन विहिरीच्या काठावर काढता यावे, ही गोष्ट लहान नाही. दुर्दैवाने उघड्या विहिरी बुजविल्या जात आहेत आणि विंधन विहिरीतून केवळ भुकटी वर येते. अभिलेखाची ही साधने नोंद होण्यापूर्वीच नष्ट होत आहेत.

महाविद्यालयीन अध्ययन-अध्यापनाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. २००९ मध्ये ‘भुवन’ हे भारतीय संकेतस्थळ सुरू झाल्यापासून प्रतिमा सहज उपलब्ध आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या निसार उपग्रहाच्या दोन रडारांमुळे भूपृष्ठाच्या अत्यल्प हालचालीही मोजता येतील. साधने वाढत असताना क्षेत्रभेटी मात्र कमी होत गेल्यास विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर रेषा काढण्यात निष्णात होईल. पण त्या रेषेवर उभे राहून खडक ओळखण्याचे कौशल्य त्याच्या ठिकाणी येणार नाही.

निष्कर्ष :

१. उपग्रह उद्रेकाची वेळ, स्थान व विस्तार यांविषयी अत्यंत मौलिक माहिती देतात. परंतु लाव्हाचे प्रमाण ही त्यांची नोंद नसून त्या नोंदीवरून केलेले अनुमान असते. निबंधलेखनात हा भेद स्पष्टपणे नोंदविला जावा.

२. तप्त लाव्हाच्या बाबतीत थंड कवच आणि थिजलेल्या लाव्हाच्या बाबतीत मातीचे आच्छादन, ही एकाच मर्यादेची दोन रूपे आहेत. दोन्ही ठिकाणी निर्णायक पुरावा पृष्ठाखाली असतो.

३. लिनिअमेंटच्या प्रत्येक नकाशासोबत प्रतिमेची तारीख, सूर्याची दिशा, नकाशाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष तपासलेल्या रेषांची संख्या देणे बंधनकारक मानावे. या माहितीविना काढलेले दिशादर्शक आलेख स्वीकारार्ह समजू नयेत.

४. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व भूविज्ञान विभागांनी आपापल्या परिसरातील उघड्या विहिरींचे छेद थरांची जाडी, उंची व स्थानिक नावे यांसह नोंदवावेत. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मोजपट्टी, स्थाननिश्चितीचे साधन आणि विहीर खोदणाऱ्या जाणत्या माणसांशी संवाद पुरेसा आहे. अशा नोंदी एकत्र आल्यास उपग्रह प्रतिमांच्या वाचनाला आज नसलेला आधार मिळेल, आणि विंधन विहिरीची जागा दाखविणाऱ्या नकाशावर शेतकऱ्याला अधिक विश्वास ठेवता येईल.